जानेवारीत येऊ नका, जुलैत या



गेल्या रविवारी मांडवा जेट्टीवर भाजीचं पार्सल घ्यायला थांबलो होतो. रो-रोतून आठ-दहा पोरं-पोरी उतरली. पाठीवर सॅक, हातात गुंडाळलेल्या चटया. एकानं विचारलं, "काका, डोंगरातल्या आदिवासी वाडीवर कसं जायचं? आम्ही स्वयंसेवक आहोत. मातीचं घर बांधायला आलोय, आणि परसबाग पण करणार आहोत."

पोरं चांगली होती. बोलण्यात नम्रपणा होता. मी त्यांना मिनिडोर कुठून मिळेल, कुठं उतरायचं, पाऊलवाट कुठून वर चढते ते सांगितलं. गाडी सुटली, आणि मग वाटलं की सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं. ते आज इथं लिहितो. त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारख्या गाववाल्यांसाठी सुद्धा, कारण अशा पोरांना वाडीपर्यंत नेणारे आपणच असतो.

दोन वर्षांपूर्वी मीच नेली होती.

वाडी कनकेश्वरच्या डोंगराच्या अंगाला आहे. गाडीरस्ता संपला की पाऊण तास चढ. बावीस घरं, सगळी कातकरी. माझ्या शेतावर लावणी-कापणीला तिथलीच माणसं येतात, माझ्या वडिलांच्या वेळेपासून. शहरातल्या एका गटानं विचारलं, की आम्हाला जंगलातल्या गावात नैसर्गिक बांधकाम करायचंय. वाडीतल्या पोरांना बसायला खोली नव्हती. मला वाटलं, दोघांचंही काम होईल. चौदा पोरं आली, सोळा दिवस राहिली. महिना जानेवारी. हवा छान, डोंगर अजून थोडा हिरवा, फोटो सुंदर.

वर पोहोचलो तर बावीसपैकी चौदा घरांच्या दाराला दोरी बांधलेली. माणसं वीटभट्टीवर गेलेली.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रायगडातल्या कितीतरी कातकरी वाड्यांचं वर्ष असं चालतं: पावसाळ्यात लावणी, मग ऑगस्ट-सप्टेंबरात हाताला काम नाही. गणपतीच्या सुमाराला घरात दाणा नसतो. तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की बायका-पोरांसकट भट्टीवर जायचं, आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. म्हणजे डिसेंबर ते मे वाडीत राहतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली काही पोरं.

आता गंमत बघा. माती ज्यांना सगळ्यात जास्त कळते ती माणसं त्या वेळी दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडत होती. आणि त्यांच्या वाडीत, मातीत कधी हात न घातलेली पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघून भिंत उभी करत होती. मी हे डोळ्यांनी बघितलं आणि तरी काही बोललो नाही. चूक आधी माझी आहे, म्हणून मग दुसऱ्याला सांगतो.

खोली बारा बाय अठरा फुटांची. पोरांनी मातीचे गोळे एकावर एक रचून जाड भिंत घालायची ठरवली, जशी बाहेरच्या देशांत घालतात. वाडीची पद्धत तशी नाही. वाडीत कूड असतो: कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, बांबूच्या आडव्या पट्ट्यांनी आवळून बांधायच्या, आणि दोन्ही बाजूंनी माती-शेणानं लिंपायचं. भिंत हलकी राहते. पडली तरी माणूस मरत नाही, आणि एका दिवसात परत उभी करता येते.

वाडीतली एक म्हातारी रोज येऊन बसायची. आम्ही तिला आजी म्हणतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पच्छिमेला मातीची भित नको घालू रं पोरांनो. पाऊस खाऊन टाकील. तिकडं कूड घाला, नि वर झावळ्या बांधा." पोरं हसली, तिच्यासोबत फोटो काढला. मीही हसलो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या रात्री पश्चिमेची भिंत आतल्या बाजूला कोसळली. रात्र होती म्हणून खोली रिकामी होती. दिवसा तिथं अकरा पोरं बसायची, आणि बसायची ती त्याच भिंतीला टेकून, कारण खिडकीचा उजेड समोरून यायचा.

मी दुसऱ्या दिवशी वर गेलो. आजी ओल्या मातीच्या ढिगाजवळ उभी होती. मला वाटलं ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "कारवी तोडायला दसऱ्यानंतर ये."

भिंत का पडली ते नीट लिहून ठेवलं आहे. कृषीवाले आणि बांधकामवाले मित्र वाचतात म्हणून देतो.

एक, माती. पोरांनी उताराची वरची तांबडी माती खणली आणि तशीच वापरली. वरच्या थरात पालापाचोळ्याचा अंश असतो, तो कुजला की भिंत पोकळ होते. शिवाय माती चिकट आणि पेंढा कमी, म्हणून सुकताना बोटभर भेगा पडल्या. वाडीत माती पेंढ्याबरोबर काही दिवस भिजत ठेवतात, तुडवतात, परत भिजवतात. जमली तर वारुळाची माती मिसळतात. साधी परीक्षा अशी: ओल्या मातीची करंगळीएवढी वळी करून बोटावर वाकवायची. लगेच तुटली तर वाळू जास्त. न तुटता वाकली पण सुकल्यावर तडकली तर चिकणमाती जास्त, पेंढा नाहीतर वाळू वाढवा.

दोन, बांबू. कोवळा, त्याच आठवड्यात तोडलेला, न भिजवता वापरला. मे महिन्यात वाशांतून पिवळी पूड गळायला लागली. भुंगा लागला होता. तीन वर्षांचा पक्का बांबू, पावसाळा संपल्यावर तोडलेला आणि दोन-तीन आठवडे ओढ्यात बुडवून ठेवलेला, त्यातला गोडवा पाण्यात निघून जातो आणि भुंगा फारसा येत नाही.

तीन, जोतं. जेमतेम वीतभर. पागोळीचं पाणी जमिनीवर आपटून उडतं ते सरळ भिंतीच्या पायाला लागतं. आपल्याकडे काळ्या दगडाचं दोन फूट जोतं हवंच.

चार, छप्पर. पाख्या दीड फूट बाहेर. अलिबाग तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही, समुद्रावरून आडवा येतो. तीन फुटांखाली चालणार नाही, आणि पश्चिमेला झावळ्यांचा पडदा वेगळा.

पाच, आणि हे सगळ्यात मोठं: त्या भिंतीला माणूस नव्हता. मातीचं घर म्हणजे दुभती गाय. रोज बघावं लागतं. सारवण, भेगा बुजवणं, पावसाआधी पडदा बांधणं. सेवाग्रामची बापूकुटी गांधीजींच्या वेळची, १९३० च्या दशकातली. माती, बांबू, कौलं. ती आजही उभी आहे, कारण तिची डागडुजी करणारे हात आहेत. आमच्या खोलीचे हात सोळा दिवसांनी रो-रोत बसून निघून गेले होते.

बागेचं तर विचारूच नका. जानेवारीत वाफे केले, कडेला दगड लावले, पालक, लेट्यूस आणि चेरी टोमॅटो लावले. फेब्रुवारीच्या शेवटी विहिरीचा तळ दिसायला लागला. पिण्याचं पाणी खालून डोक्यावर आणायचं, तिथं लेट्यूसला कोण घालणार? आणि वाडीला भाजी शिकवायची तरी कोणती? पहिल्या पावसानंतर आजी मला अर्ध्या तासात शेवळं, टाकळा, कुरडू, भारंगी दाखवते. कुठला कंद कडू, तो किती वेळा उकडून, किती वेळ वाहत्या पाण्यात ठेवून खायचा, हे तिला तोंडपाठ. बाग करायची तर जूनमध्ये करा. दारात मांडव घाला, दोडका, पडवळ, काकडी, भोपळा सोडा. पाणी आभाळ घालतं. हिवाळ्यात ओल असेल तिथं वाल टोका, जसा आपण भात निघाल्यावर टोकतो. नवीन काही शोधायची गरज नाही.

काही जण म्हणतील, म्हणजे शहरातल्या पोरांनी येऊच नये का? तसं मी म्हणत नाही.

बाबा आमटेंच्या सोमनाथ प्रकल्पावर गेली कितीतरी वर्षं मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. महाराष्ट्रभरातून पोरं जातात. चंद्रपूरचा मे, म्हणजे काय ऊन असेल ते तुम्हाला माहीत आहे. तिथं पोरं काम करतात, पण 'आम्ही तुमचा उद्धार करायला आलो' असं तिथं कोणी म्हणत नाही. छावणीच्या नावातच संस्कार आहे, आणि तो येणाऱ्यावर व्हायचा असतो. दुसरं उदाहरण पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं. २०१६ साली तीन तालुक्यांत सुरू झालं. तिथं आधी गावातल्या माणसांना प्रशिक्षण दिलं, मग गावानं ठरवलं चर कुठं खणायचे, आणि काम एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पावसाच्या आधी, रान मोकळं असताना. शहरातली माणसं १ मेला गेली ती गावानं आखून ठेवलेल्या रेघेवर कुदळ मारायला गेली. रेघ गावाची, घाम दोघांचा. हे मला पटतं.

म्हणजे प्रश्न स्वयंसेवकांचा नाही. प्रश्न हा, की वेळापत्रक कोणाचं, आणि हाताखाली कोण कोणाच्या.

अजून एक विषय आहे, तो जरा टोचेल. त्या गटातली एक मुलगी मनापासून म्हणाली होती, "काका, यांना सिमेंटची घरं देऊ नका, यांची संस्कृती जाईल." तेव्हा वाडीत घरकुलाची चर्चा चालू होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राची पीएम-जनमन योजना आली. महाराष्ट्रातल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आदिम जमातींना त्यात घरकुलासाठी दोन लाखांचं अनुदान आहे. वाडीतल्या माणसांना सिमेंटचंच घर हवं होतं. का हवं होतं, ते ३ जून २०२० ला इथं असलेल्यांना विचारा. निसर्ग वादळ अलिबागच्या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा माझ्या गोठ्याचे पत्रे तिसऱ्या शेतात सापडले. वाडीवरची छपरं सगळीच उडाली, आणि छप्पर गेल्यावर कुडाची माती एका दुपारच्या पावसात वाहून गेली. त्या रात्री लेकरं घेऊन झाडाखाली बसलेल्या बाईला मातीच्या घराचं कौतुक सांगायला मला तरी तोंड नाही.

मातीचं घर उन्हाळ्यात गार राहतं, स्वस्त पडतं, हे खरं आहे. मे महिन्यात पत्र्याखाली भाजून निघतं, हेही खरं आहे. दगडाचं जोतं, विटांचे खांब, नीट बांधलेलं छप्पर आणि मधे कुडाच्या भिंती, असं मिश्र घर इथं चांगलं चालेल असं माझं मत आहे. पण ते माझं मत. घर त्यांचं. आपण शहरात स्लॅबखाली झोपायचं आणि गरिबानं आपल्या समाधानासाठी मातीत राहायचं, हा कुठला न्याय?

आणि घराआधी जमीन. रायगडातल्या अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर बसलेल्या आहेत. पिढ्यान् पिढ्या राहून घरठाण नावावर नाही. ज्या पोराला खरंच कातकऱ्याच्या घराला हातभार लावायचाय, त्यानं एक दिवस माती तुडवावी आणि दोन दिवस तलाठी कार्यालय ते तहसील असे कागद घेऊन फिरावं. फोटो चांगला येणार नाही, पण ते घर कोणी हलवू शकणार नाही. जंगलातून बांबू-कारवी आणतानाही हे लक्षात ठेवा. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, आणि त्यावर हक्क वाडीचा आहे, पाहुण्यांचा नाही. वाडीनं तोडून दिलं तर घ्या, विकत घ्या.

आता पुढे काय झालं ते सांगतो.

भिंत पडल्यावर मी त्या चौदाही पोरांना फोन केला. खोटं कशाला, रागानंच केला. म्हटलं, भिंत पडली, लावणी चालू आहे, या. तिघं आली. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, पण रो-रो चालू होती, त्यामुळे 'बोट नाही' हे कारण कोणालाच नव्हतं. तिघं वाडीतल्या बायकांबरोबर माझ्या शेतात वाकून उभी राहिली. पहिल्या दिवशी त्यांनी लावलेला तुकडा संध्याकाळी बायकांनी परत लावला, न बोलता. चौथ्या दिवशी परत लावायची गरज पडली नाही.

संध्याकाळी भाकरी खाताना त्यातल्या एकानं आजीच्या मुलाला विचारलं, "दादा, तुम्ही भट्टीवर नाही गेलात तर काय होईल?"

तो म्हणाला, "गणपतीत कोन देल पैसे? तू देशील?"

पोरगं गप्प बसलं. पण विसरलं नाही. ऑगस्टमध्ये त्याचा मला फोन आला. जानेवारीच्या वेळी चौदा जणांनी राहण्या-जेवणाचे पैसे गटाला भरले होते, आणि त्यातून वाडीला मिळाले होते दोन कट्टे तांदूळ. या वेळी तिघांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून पैसे जमवले आणि खोली परत बांधायची मजुरी गणपतीच्या आधीच वाडीला दिली. आगाऊ, लावणीच्या हजेरीनं, बाया-बाप्यांना सारखी. आजीच्या मुलाच्या आणि शेजारच्या, अशा दोन घरांनी त्या वर्षी उचल घेतली नाही.

कारवी आणि बांबू दसऱ्यानंतर तोडला, ओढ्यात भिजवला. कापणी उरकल्यावर काम सुरू झालं. मिस्त्री आजीचा मुलगा, देखरेख आजीची, आणि तिघं पोरं गडी. काळ्या दगडाचं जोतं दोन फूट. चारी बाजूंनी कूड, पाख्या तीन फूट बाहेर. शेण-मातीचं लिंपण वाडीतल्या बायकांनी केलं आणि पोरांना शिकवलं. अठरा दिवस लागले. पावसाळ्याआधी झावळ्यांचा पडदा बांधायची आणि दिवाळीला सारवायची जबाबदारी कोणाची, ते वाडीनं बसून ठरवलं आणि त्याची मजुरीही धरली.

खोलीनं एक पावसाळा काढला आहे. एका कोपऱ्यात वाळवी दिसली, तेवढा कूड बदलला. अर्ध्या दिवसाचं काम.

आनंदी शेवट समजू नका. त्या दोन घरांना पुढच्या वर्षी खोलीचं काम नव्हतं, तेव्हा एक घर परत भट्टीवर गेलं. एका खोलीनं वाडीचं स्थलांतर थांबत नाही. पण एक वर्ष दोन घरांची पोरं पूर्ण हिवाळा त्या खोलीत बसली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. जानेवारीतल्या चौदा जणांच्या सोळा दिवसांनी हे झालं नव्हतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जंगलातल्या वाडीवर सेवा करायला येणाऱ्यांनी एवढं पाळावं:

वाडीच्या कामाच्या दिवसांत या. जून-जुलैत लावणीला, दसरा-दिवाळीला कापणीला आणि बांधकामाला. जानेवारीत सहल म्हणून या, पण तिला सेवा म्हणू नका.

वाडीतल्या माणसाला मिस्त्री करा, तुम्ही गडी व्हा. त्याला पूर्ण मजुरी द्या. तुम्ही फुकट राबलात म्हणून त्यानंही फुकट राबावं असं होत नाही.

पैसे द्यायचे तर गणपतीच्या आधी द्या. तेव्हाचे शंभर रुपये जानेवारीच्या हजारापेक्षा मोठे असतात, कारण ते उचलीच्या आड येतात.

जे बांधाल त्याची पुढच्या पाच वर्षांची डागडुजी कोण करणार, हे ठरल्याशिवाय पहिला दगड ठेवू नका.

आणि म्हातारी माणसं काही बोलली तर फोटो नंतर काढा, आधी ऐका.

आपण गाववाले, ज्यांच्या ओळखीनं ही पोरं वर जातात, आपल्यालाही हेच लागू आहे. मला माहीत होतं पाऊस कुठून येतो. पन्नास पावसाळे बघितलेत. तरी पाहुण्यांसमोर आजीच्या बाजूनं बोललो नाही, कारण पाहुणे शिकलेले वाटले. तेवढं एक मला अजून खातं.

रविवारची पोरं आज तिसऱ्या दिवशी वाडीवरच आहेत. उद्या सकाळी चढून जाणार आहे. त्यांना खोली दाखवीन, कूड दाखवीन, आणि आजीपाशी बसवीन. ऐकलं तर जुलैत त्यांच्यासाठी माझ्या घरी इरली तयार ठेवतो.

तुमच्याकडे अशी मंडळी येतात का? काय टिकलं, काय पडलं, जरूर लिहा. पडलेलं आधी लिहा, शिकायला तेच कामाला येतं.